अकरा सामने, अकरा भोपळे

मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची वाटचाल

ॲन आर्बरमध्ये ऑक्टोबर लागला की घरोघरी पायऱ्यांवर भोपळे येऊन बसतात. ती हॅलोविनची तयारी असते, पण आपल्याकडच्या माणसाला ते भोपळे पाहून वेगळेच काही आठवते. खाते न उघडता परतणाऱ्याने भोपळा घेतला, आणि पहिला गुण मिळाला की भोपळा फुटला, अशी आपली भाषा. १९०१ साली या गावातल्या विद्यापीठाच्या पोरांनी अकरा सामने खेळले आणि अकराही सामन्यांत समोरच्यांचा भोपळा फुटू दिला नाही. स्वतःचे गुण ५५०, विरुद्ध गुण शून्य. त्या हंगामाला यंदा सव्वाशे वर्षे होत आहेत. “संघाचा सगळा इतिहास लिहा, पण आकडे कमी आणि माणसे जास्त,” अशी तंबी देऊन स्मरणिकेच्या संपादक मंडळाने हे काम माझ्या गळ्यात घातले. आकडे कमी करणे या विषयात कठीण आहे. माणसे मात्र मुबलक आहेत.

अलीकडे इथे राहायला आलेल्या वाचकांसाठी आधी खेळाबद्दल दोन शब्द. नाव फुटबॉल असले तरी हा चेंडू मुख्यतः बगलेत मारून पळवायचा असतो. १९०१ मध्ये तर तो पुढे फेकायला बंदीच होती. मैदान ११० यार्डांचे. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू समोरच्यांकडे जायचा. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन. त्याचे तेव्हा पाच गुण मिळत, आणि त्यानंतरची लाथ दांड्यांमधून गेली की आणखी एक. मैदानी गोलालाही पाचच गुण. प्रत्यक्षात हा सगळा प्रकार म्हणजे हुतूतू, कुस्ती आणि यात्रेतली रेटारेटी एकत्र केल्यासारखा होता. डोक्याला धड शिरस्त्राण नाही, अंगात जाड विणलेले स्वेटर, आणि दमला म्हणून खेळाडू बदलायची पद्धत जवळजवळ नाहीच.

१८७९ ते १८९०: शिकागोची पहिली वारी

विद्यापीठ १८१७चे, ॲन आर्बरला आले १८३७ मध्ये. फुटबॉल मात्र पुष्कळ उशिरा रुजला. ३० मे १८७९ रोजी शिकागोच्या व्हाइट स्टॉकिंग पार्कवर रेसीन कॉलेजाशी मिशिगनचा पहिला सामना झाला आणि तो मिशिगनने जिंकला. डेव्हिड डीटार कर्णधार होते. पहिला टचडाउन केला आयर्व्हिंग पाँड या विद्यार्थ्याने. हे पाँड पुढे नामांकित वास्तुरचनाकार झाले. कॅम्पसवरची मिशिगन युनियनची उंच मनोऱ्याची इमारत त्यांनी आणि त्यांच्या भावाने मिळून उभारली. आपल्या मंडळींपैकी कितीतरी जण त्या इमारतीत चहा-कॉफी पीत बसलेले असतील. ही वास्तू संघाच्या पहिल्या टचडाउनवाल्याची, हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल?

या काळात संघाला कोच नव्हता. कर्णधार सांगेल तो सराव आणि विद्यार्थी जमवतील तो पैसा. १८८१ मध्ये या पोरांनी पूर्वेकडे जाऊन हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्याशी पाच दिवसांत तीन सामने खेळायचे धाडस केले. तिन्ही हरले. पूर्वेच्या जुन्या कॉलेजांपुढे पश्चिमेकडची पोरे कच्ची, हा शिक्का त्या दौऱ्याने बसला आणि तो पुसायला पुढची वीस वर्षे लागली.

१८९० मध्ये जॉर्ज ज्युएट हा कृष्णवर्णीय विद्यार्थी संघात आला आणि १८९२ मध्येही खेळला. धावणे, लाथ मारणे, दोन्हींत तो पटाईत होता. त्याचे नाव इथे आवर्जून घेतो, कारण त्याच्यानंतर मिशिगनच्या संघात दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू नियमित दिसायला चाळीस वर्षे जावी लागली. आपण ज्या सुवर्णकाळाबद्दल वाचणार आहोत, तोही याच चाळीस वर्षांतला आहे.

१८९१ ते १९००: मैदान आले, गाणे आले

१८९१ पासून पगारी कोच येऊ लागले आणि १८९३ मध्ये स्टेट स्ट्रीटवर रीजंट्स फील्ड हे स्वतःचे मैदान मिळाले. मध्यपश्चिमेच्या विद्यापीठांनी एकत्र येऊन वेस्टर्न कॉन्फरन्स स्थापन केली. तिलाच आज आपण बिग टेन म्हणतो. संस्थापक सभासदांत मिशिगन होतेच.

त्या दशकाचा कळस २४ नोव्हेंबर १८९८ रोजी गाठला गेला. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोत ॲमॉस ॲलोन्झो स्टॅग यांच्या शिकागो विद्यापीठाच्या संघाशी गाठ पडली. चार्ल्स विडमन चेंडू घेऊन ६५ यार्ड पळाला आणि मिशिगनने सामना १२–११ असा जिंकला. कॉन्फरन्सचे पहिले विजेतेपद. प्रेक्षकांत लुई एल्बेल नावाचा संगीताचा विद्यार्थी होता. एवढ्या विजयाला साजेसे गाणे आपल्याकडे नाही, ही खंत त्याला लागली आणि त्याने ‘द व्हिक्टर्स’ रचले. आपल्या इथल्या मुलांना कुठल्याही आरतीआधी ज्या गाण्याची चाल पाठ होते, ते हेच. एका गुणाच्या फरकाने जिंकलेल्या सामन्यातून ते जन्मले आहे, ही गोष्ट मला नेहमी मोठी गमतीची वाटते.

याच वर्षी चार्ल्स बेअर्ड संघाच्या कारभारावर आले. ते पूर्वी विद्यार्थिदशेत संघाचे व्यवस्थापक होते. हिशेब चोख ठेवणारा आणि माणूस नेमका हेरणारा हा गृहस्थ नसता तर पुढचे काहीच घडले नसते. १९०० मध्ये मात्र संघ शिकागोकडून हरला, गावात कुरकुर सुरू झाली, आणि बेअर्ड नव्या कोचच्या शोधाला लागले.

१९०१ ते १९१०: भोपळ्यांचा हंगाम

फील्डिंग योस्ट वेस्ट व्हर्जिनियाचे. जन्म १८७१चा, शिक्षण वकिलीचे आणि वेड फुटबॉलचे. ओहायो वेस्लियन, नेब्रास्का, कॅन्सस, स्टॅनफर्ड अशी दर वर्षाला एक नोकरी करत ते पॅसिफिकच्या काठापर्यंत पोहोचले होते. स्टॅनफर्डने मग नियम केला की कोच आपलाच माजी विद्यार्थी हवा, आणि योस्ट मोकळे झाले. बेअर्ड यांनी त्यांना ॲन आर्बरला बोलावून घेतले. स्टॅनफर्डला आपण काय सोडले, हे कळायला फार वाट पाहावी लागली नाही.

योस्ट यांच्या तोंडी सतत एकच घोष असे, “चला, आटपा, आटपा!” त्यामुळे ‘हरी अप योस्ट’ हेच त्यांचे नाव पडले. त्यांची युक्ती साधी होती. समोरचे अजून चिखलातून उठत असतात, तेवढ्यात पुढचा डाव सुरू करायचा. क्वार्टरबॅक हॅरिसन वीक्स, ज्याला सगळे ‘बॉस’ म्हणत, तो ढिगाऱ्याखाली पडल्या पडल्याच पुढच्या डावाचे आकडे पुकारत असे. तीन प्रयत्नांत पाच यार्ड काढायचे असताना समोरच्याला श्वास घ्यायला मिळाला नाही, तर अर्धे काम तिथेच होते. योस्ट यांनी ही पोरे एवढी तयार केली होती की सत्तर मिनिटांनंतरही त्यांचा दम टिकून असे. यातला मोठा वाटा प्रशिक्षक कीन फिट्झपॅट्रिक यांचा. स्नायू चोळणे, आहार, झोप हे सगळे त्यांच्या ताब्यात होते. अशा माणसांची नावे गुणफलकावर लागत नाहीत, म्हणून निदान इथे लिहून ठेवतो.

संघाची जुळवाजुळव म्हणाल तर कर्णधार ह्यू व्हाइट टॅकलच्या जागी. पलीकडचा टॅकल ब्रूस शॉर्ट्स, टचडाउननंतरच्या लाथा त्याच्याकडे. गार्ड म्हणून डॅन मॅकगुगिन आणि एबिन विल्सन, मध्ये सेंटर जॉर्ज ग्रेगरी, टोकांना कर्टिस रेडन आणि ॲल्बर्ट हर्नस्टाइन. मागे बॉस वीक्स, लांब लाथ मारणारा एव्हरेट स्वीली, फुलबॅक नील स्नो, आणि विली हेस्टन. हा हेस्टन कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेतला. तिथे योस्ट यांच्या नजरेत भरला आणि त्यांच्या पाठोपाठ कायदा शिकायला ॲन आर्बरला आला. बुटका, बसका आणि सुटला की हाती न लागणारा.

२८ सप्टेंबरला अल्बियनवर ५०–० ने सुरुवात झाली. मग केस ५७–०, इंडियाना ३३–०, नॉर्थवेस्टर्न २९–०. इथवर लोक कौतुकच करत होते. २६ ऑक्टोबरला बफेलोचा संघ आला. हे लोक न्यूयॉर्कच्या कोलंबियाला हरवून आले होते, म्हणजे चांगले नावाजलेले. निकाल लागला १२८–०. तारेने हा आकडा गेला तेव्हा पूर्वेच्या वर्तमानपत्रांना छपाईतली चूक वाटली, असे सांगतात. आणखी एक गोष्ट खुद्द योस्ट रंगवून सांगत. बफेलोचा एक खेळाडू दमून भागून चालत मिशिगनच्या बाकावर येऊन बसला. “अरे, तुझी बाजू पलीकडे,” कोणीतरी म्हणाले. तो म्हणाला, “ठाऊक आहे. इथेच बरं आहे.” खरे-खोटे योस्ट जाणोत. पण १२८ गुण खाल्लेल्या माणसाचे मन त्यात पुरेपूर उतरले आहे.

त्यानंतर डेट्रॉइटला कार्लाइलच्या मूलनिवासी मुलांच्या शाळेशी सामना झाला. त्यांचे कोच पॉप वॉर्नर हे पुढे या खेळातले मोठे नाव झाले. २२–०. मग ओहायो स्टेट. कोलंबसमध्ये वातावरण जड होते, कारण ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांच्या सेंटरचा सामन्यातल्या दुखापतीने मृत्यू झाला होता. तरी ते खेळले, आणि चिवटपणे खेळले, २१–०. मिशिगनला त्या हंगामात यापेक्षा कमी गुण कोणाविरुद्धही मिळाले नाहीत. आपण भोपळे मोजत बसतो तेव्हा त्या पलीकडच्या अकरा जणांची आठवण ठेवावी असे मला वाटते.

शिकागोवर २२–० ने जुना हिशेब चुकता झाला. बेलॉइट ८९–०, आयोवा ५०–०. दहा सामने, ५०१ गुण आणि दहा भोपळे. हंगाम खरे तर इथेच संपायचा. पण लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडीना गावात नववर्षाच्या दिवशी फुलांच्या रथांची मिरवणूक निघत असे. तिच्या संयोजकांना त्या वर्षी जोडीला काहीतरी नवे आकर्षण हवे होते. पूर्व विरुद्ध पश्चिम असा फुटबॉल सामना ठरला. पूर्वेकडून मिशिगन, पश्चिमेकडून स्टॅनफर्ड! ज्यांनी योस्ट यांना निरोप दिला होता, तेच नेमके समोर.

बर्फातून निघालेली पोरे कित्येक दिवसांचा आगगाडीचा प्रवास करून उन्हात उतरली. १ जानेवारी १९०२ रोजी सकाळी मिरवणूक, दुपारी सामना. टूर्नामेंट पार्कवर बसायची सोय हजारभर लोकांची आणि गर्दी आठ हजारांवर. उरलेले लोक कुंपणावर, गाड्यांवर, मिळेल तिथे चढले. पहिली वीसेक मिनिटे स्टॅनफर्डने चांगलीच झुंज दिली, कोणालाच गुण नाही. मग वीक्सने एक हूल दिली. सगळे एका बाजूला धावले आणि हेस्टन चेंडू घेऊन दुसऱ्या बाजूने सुटला. तिथून बांध फुटला. मध्यंतराला १७–०. नंतर नील स्नो याने एकामागून एक रेषा ओलांडायला सुरुवात केली. त्याचे एकट्याचे पाच टचडाउन झाले. रेडनचे दोन, हर्नस्टाइनचा एक, शॉर्ट्सच्या चार लाथा आणि स्वीलीचा एक मैदानी गोल. बेरीज करून पाहा, ४९ येते. गंमत म्हणजे ज्याच्या नावाचा सर्वांत जास्त गाजावाजा, त्या हेस्टनचा त्यात एकही टचडाउन नाही. तो पळत राहिला, वाट मोकळी करत राहिला आणि रेषा इतरांनी ओलांडली.

आठ मिनिटे उरली असताना स्टॅनफर्डच्या कर्णधाराने येऊन सामना थांबवायची विनंती केली. व्हाइटने मान डोलावली. मिशिगनचे तेच अकरा जण पहिल्यापासून शेवटपर्यंत मैदानावर होते, बदली एकही नाही. सामना इतका एकतर्फी झाला की संयोजकांनी पुढची चौदा वर्षे फुटबॉलचे नाव काढले नाही. नववर्षाच्या रोज बोल सामन्याचा जन्म असा झाला. स्नोचा पाच टचडाउनांचा विक्रम मात्र तिथे अजून कोणी मोडलेला नाही.

भोपळा फुटला कधी, हेही सांगायला हवे. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९०२ मध्ये. मिशिगनने ४८ गुण केले, पण क्लीव्हलंडच्या केस संघाने सहा गुण मिळवले. ज्यांना आदल्या वर्षी ५७–० ने मारले होते, तेच हे. त्या सहा गुणांनी त्यांना केवढा आनंद झाला असेल! त्याच वर्षी ओहायो स्टेटला ८६–० ने हरवले, आणि त्या पराभवातूनच त्यांच्या एका खेळाडूला ‘कारमेन ओहायो’ हे त्यांच्या विद्यापीठाचे गीत सुचले, असे म्हणतात. आपले गाणे विजयातून आले, त्यांचे पराभवातून. दोन्ही अजून म्हटली जातात.

१९०३ मध्ये मिनेसोटात ६–६ अशी बरोबरी झाली. तिथले पाणी कसे असेल कोण जाणे, म्हणून संघाच्या विद्यार्थी-व्यवस्थापकाने गावातल्या दुकानातून ३० सेंटची मातीची बरणी आणली होती. सामन्यानंतरच्या गोंधळात ती तिथेच राहिली. मिनेसोटाने ती परत दिली नाही. हवी असेल तर जिंकून न्या, असा निरोप आला. १९०९ मध्ये संघ गेला आणि १५–६ ने जिंकून ती घेऊन आला. आजही जो जिंकतो त्याच्याकडे ती तपकिरी बरणी राहते. तीस सेंटच्या खरेदीचे इतके दिवस सोने झालेले मी दुसरे पाहिले नाही.

१९०१ ते १९०५ या पाच वर्षांत ५५ विजय, एक बरोबरी आणि एक पराभव. गुण २८२१, विरुद्ध ४२. मिनिटाला एक गुण या हिशेबाने वर्तमानपत्रे संघाला ‘पॉइंट-अ-मिनिट’ म्हणत. आणि तो एक पराभव? १९०५ मध्ये पहिल्या बारा सामन्यांत पुन्हा बारा भोपळे जमले होते. तेरावा सामना शिकागोशी, ३० नोव्हेंबरला. आपल्याच रेषेच्या मागे मिशिगनचा एक खेळाडू पकडला गेला आणि शिकागोला दोन गुण मिळाले. निकाल ०–२. सलग ५६ सामने न हरलेल्या संघाच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा भोपळा आला. त्या खेळाडूला लोकांनी आयुष्यभर त्या एका क्षणाबद्दल बोल लावला. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

त्याच हंगामात देशभर मैदानांवर डझनाहून जास्त तरुण दगावले आणि खेळच बंद करावा का, अशी चर्चा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेली. आपले विद्यापीठाध्यक्ष जेम्स एंजेल यांनी कॉन्फरन्सच्या विद्यापीठांना चर्चेला बोलावले. १९०६ पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, तीन प्रयत्नांत दहा यार्डांची अट आली आणि सामन्यांच्या संख्येला कात्री लागली. या सुधारणा किती कडक असाव्यात यावर कॉन्फरन्सच्या घरात थोडे मतभेद झाले. संघ काही वर्षे कॉन्फरन्सबाहेर राहिला आणि १९१७ मध्ये परत आला. मधल्या पत्रव्यवहारात स्मरणिकेने शिरू नये. डेट्रॉइटचे बियाण्यांचे व्यापारी डेक्स्टर फेरी यांनी दिलेल्या जमिनीवर १९०६ मध्ये फेरी फील्ड सुरू झाले, एवढे नोंदवले की पुरे.

त्या अकरा जणांचे पुढे काय झाले, हे मला स्वतःला गुणांपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. बॉस वीक्स ज्या बेलॉइटवर ८९ गुण चढवले त्याच बेलॉइटचा कोच झाला आणि १९०६ मध्ये, ऐन तरुणपणी वारला. हर्नस्टाइन चक्क ओहायो स्टेटचा कोच झाला. मॅकगुगिन दक्षिणेत व्हँडरबिल्टला गेला, तिथे त्याने तीसएक वर्षे संघ घडवला. त्याची बायको आणि योस्ट यांची बायको सख्ख्या बहिणी, म्हणजे दोघे साडू. रेडन पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर गेला तो परत आलाच नाही. पाच टचडाउनवाला नील स्नो १९१४ मध्ये गेला, पस्तिशीही न गाठता.

१९११ ते १९२०: साथीचे आणि युद्धाचे दिवस

हे दशक मोठ्या यशाचे नाही. तरी १९१८ची नोंद हवी. एकीकडे युद्ध, दुसरीकडे इन्फ्लुएंझाची साथ, त्यात जेमतेम पाच सामने होऊ शकले. पाचही जिंकले.

१९२१ ते १९३०: खड्ड्यातले मैदान

योस्ट आता क्रीडासंचालक झाले होते. १९२३चा संघ अपराजित राहिला. १९२६ नंतर त्यांनी कोचपद सोडले आणि सगळा जीव एका खड्ड्यात घातला. तिकिटे पुरत नव्हती. कर्जरोख्यांनी पैसा उभारायचे ठरले, ५०० डॉलरचा एक असे ३००० रोखे. जो घेईल त्याला पुढच्या वर्षांत तिकिटांची हमी. जमिनीखाली झरे, खणेल तिथे पाणी, तरी साडेनऊ लाख डॉलरांत मिशिगन स्टेडियम उभे राहिले. उभे राहिले म्हणणे चूक आहे, ते आत खोदले गेले. रस्त्यावरून आत शिराल तर सगळ्यांत वरच्या रांगेशी पोहोचता आणि मैदान पायांखाली दूरवर दिसते. माझ्याबरोबर पहिल्यांदा आलेली माझी आई त्या काठावर थबकली आणि म्हणाली, “अगं बाई, ही तर विहीरच!” इतके चपखल वर्णन मी पुढे कुठे ऐकले नाही.

बसायची सोय ७२,००० जणांची केली, गावाची वस्ती तेव्हा तीस हजारांच्या आत. योस्ट यांनी पाया मात्र लाखाच्या पुढच्या गर्दीचा हिशेब धरून घालून ठेवला. पहिला सामना १ ऑक्टोबर १९२७ रोजी ओहायो वेस्लियनशी झाला. योस्ट यांची कोच म्हणून पहिली नोकरी तिथलीच. समोरच्यांचा भोपळा, ३३–०. उद्घाटनाचा सोहळा २२ ऑक्टोबरला ओहायो स्टेटविरुद्ध, २१–०. हा निकाल कुठे पाहिल्यासारखा वाटतो? १९०१ मध्ये कोलंबसला हाच होता.

१९३१ ते १९५०: पंखांचे शिरस्त्राण

हॅरी किपके यांच्या हाताखाली १९३२ आणि १९३३चे संघ देशात पहिले ठरले. त्यांत जेराल्ड फोर्ड नावाचा सेंटर होता, जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. विलिस वॉर्ड हा त्याचा मित्र, ज्युएटनंतर चाळीस वर्षांनी आलेला कृष्णवर्णीय खेळाडू. १९३४ मध्ये जॉर्जिया टेकने कृष्णवर्णीय खेळाडूसमोर खेळायला नकार दिला आणि आपल्या विद्यापीठाने वॉर्डला बाहेर बसवले. तो सामना आपण जिंकलो. त्या हंगामातला तो एकमेव विजय, आणि त्याचा आनंद मानावा असे त्यात काही नाही.

१९३८ मध्ये फ्रिट्झ क्राइसलर आले आणि त्यांनी पिवळ्या पंखांचे निळे शिरस्त्राण आणले. १९४० मध्ये टॉम हारमनला देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचे हाइसमन पारितोषिक मिळाले. योस्ट १९४६ मध्ये गेले. दीड वर्षाच्या आत, १ जानेवारी १९४८ रोजी, क्राइसलर यांचा संघ रोज बोलला सदर्न कॅलिफोर्नियाशी खेळला आणि निकाल लागला ४९–०. बरोबर तोच आकडा, बरोबर तोच भोपळा. पाहायला योस्ट हवे होते.

१९५० मध्ये कोलंबसला बर्फाच्या वादळात झालेल्या सामन्यात मिशिगनला एकदाही सलग दहा यार्डांची मजल मारता आली नाही, तरी ९–३ असा विजय मिळाला. म्हातारी मंडळी अजून तो ‘स्नो बोल’ सांगतात.

१९५१ ते १९९०: लाखाची गर्दी

मधली काही वर्षे बेताचीच गेली. १९६९ मध्ये बो शेंबेक्लर आले आणि पहिल्याच वर्षी बलाढ्य ओहायो स्टेटला २४–१२ ने हरवले. नोव्हेंबर १९७५ पासून विहिरीत दर सामन्याला लाखाच्या वर माणसे येऊ लागली. योस्ट यांचा पाया उपयोगी पडला. वाद्यवृंद, तिकीटवाले, हिरवळ राखणारे, बाकडी धुणारे, सामान्य स्वयंसेवक अशी शेकडो माणसे यामागे राबली. सगळ्यांची यादी करायची तर दुसरी स्मरणिका काढावी लागेल.

१९९१ पासून आजपर्यंत

१९९१ मध्ये डेस्मंड हॉवर्ड, १९९७ मध्ये चार्ल्स वुडसन, असे आणखी दोन हाइसमन मानकरी. लॉइड कार यांचा १९९७चा संघ बाराही सामने जिंकून रोज बोलवरून परतला. २०२० मध्ये महामारीमुळे विहीर रिकामी राहिली. २०२३ मध्ये, नोव्हेंबरात, मेरीलँडला हरवून मिशिगन हजार विजय मिळवणारा कॉलेज फुटबॉलमधला पहिला संघ ठरला. १ जानेवारी २०२४ रोजी पॅसाडीनातच अलाबामाला जादा वेळेत २७–२० ने नमवले आणि आठवड्याने वॉशिंग्टनला ३४–१३ ने हरवून पंधरापैकी पंधरा विजयांनिशी राष्ट्रीय विजेतेपद आणले. त्या वर्षी विद्यापीठाच्या कचेरीत संघाबद्दलच्या काही चौकशांची कागदपत्रेही फिरत होती. त्यांचा अहवाल दुसरीकडे वाचायला मिळेल.

आज बैठकव्यवस्था १,०७,६०१ची आहे. सामन्याच्या शनिवारी आमच्या गल्लीत लोक आपापली अंगणे गाड्या लावायला भाड्याने देतात, सकाळी नवापासून शेगड्या पेटतात, आणि वाद्यवृंद रस्त्यावरून ‘द व्हिक्टर्स’ वाजवत गेला की खिडक्या थरथरतात. गेल्या ऑक्टोबरात समोरच्या आजींनी पायऱ्यांवर ओळीने अकरा भोपळे मांडलेले दिसले. मला भरून आले. मुद्दाम रस्ता ओलांडून विचारायला गेलो, की १९०१ची आठवण म्हणून का? आजी म्हणाल्या, “छे हो, बाजारात दहावर एक फुकट होता.”